दोन बोटं उंच

सोमवार, ४ सप्टेंबर

हिरवी गाडी अखेर आली. दातांचे डॉक्टर स्वतः चालवत घेऊन आले आणि आत घालण्यापूर्वी त्यांनी फडक्याने चाकं पुसली. दोन माणसांची स्पोर्ट्स कार, वय पंचावन्न वर्षं, आणि इतकी बुटकी की तिच्याकडे नीट बघायचं तर उकिडवं बसावं लागतं. आमच्या गॅरेजात आजवर आल्या त्या टॅक्सी, दुधाच्या व्हॅन, शाळेच्या बस. अशी गाडी पहिलीच. बाबा वरच्या घरातून उतरून जिन्यातून बघून गेले. मुद्दाम चष्मा लावून आले होते.

मागचे पाटे पार दमलेत. पोलादाच्या पट्ट्यांच्या त्या दोन गड्ड्यांवर गाडीचा मागचा सगळा भार असतो. त्या बसल्यामुळे गाडी मागून जमिनीला टेकायला आली आहे आणि गतिरोधकावर सायलेन्सर घासतो. डॉक्टर म्हणाले, "मला ती मूळ उंचीवर हवी. एक बोट कमी नको, एक बोट जास्त नको."

"तशीच मिळेल," मी म्हटलं.

नवे पाटे पाटेकाकांकडूनच करून घेणार. बाबांचे जुने दोस्त, वय बहात्तर. मी चौथीत असल्यापासून त्यांच्या भट्टीवर जाते. लाल झालेली पट्टी चिमट्यात धरून ते एक डोळा मिटून बघतात आणि तेवढ्यावर सांगतात, अजून केसभर वाकायला हवी.

शनिवार, ९ सप्टेंबर

पाटे बसवले. हे लिहिताना हात अजून दुखतायत.

सकाळपासून काम छान चाललं होतं. गाडी मागून उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, ठेवली, जुने पाटे काढले, नवे चढवले. पाट्याच्या दोन्ही टोकांना डोळा असतो, त्यात रबराचा बुश बसतो आणि त्यातून बोल्ट जातो. चारही बुश नवे घातले. पाचला डॉक्टर आले आणि त्यांनी फोन काढला. "ताई, जरा शूटिंग करू का? आमच्या मंडळाला दाखवतो. बाईमाणूस असं काम करते यावर कुणाचा विश्वास बसत नाही."

मी नको म्हणायला हवं होतं. उलट केस बांधून घेतले. लांब पाना लावला आणि एकेक बोल्ट कचकचीत आवळत गेले, शेवटच्याला तर पाय देऊन. डॉक्टर मागून म्हणत होते, "वा, वा."

गाडी खाली घेतली तर मागून उंच. थोडीथोडकी नाही, चांगली दोन बोटं. भांडणाला उठलेल्या मांजरासारखी पाठ वर करून उभी राहिली. डॉक्टरांनी फोन खिशात घातला.

"नवे पाटे आहेत, चालवाल तसे बसतील," मी म्हटलं.

जेवताना बाबांनी विचारलं, "कुठे आवळलेस बोल्ट?"

"कुठे म्हणजे? गॅरेजात. घरी आणून आवळू का?" मी म्हटलं. त्यांनी परत विचारलं नाही.

मंगळवार, १२ सप्टेंबर

बसले नाहीत. डॉक्टर तीन दिवस शहराबाहेरच्या रस्त्यावर फिरवून आले. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत मोजलं, डावीकडे अडतीस मिलिमीटर जास्त, उजवीकडे चाळीस. वळणावर मागची बाजू टुणकन उडते म्हणाले. डिकीत वाळूच्या दोन गोण्या ठेवून पाहिल्या. गोण्या काढल्यावर गाडी परत वर.

तडक काकांकडे गेले. भट्टी चालू होती. घण मारणारा माणूस थांबला, काकांनी चिमटा खाली ठेवला.

"काका, कमान जास्त झाली."

"जुन्या पाट्यांवरून काढली नाही. जुने बसलेले होते. तू दिलेल्या मापांच्या कागदावरून काढली."

"कागद बरोबर आहे. मग गाडी उंच का?"

"दाबयंत्रावर भार देऊन बघितलं होतं पोरी. तेवढ्या भाराला जेवढे बसायला हवे, तेवढेच बसले होते."

"मग गाडी खोटं बोलते का?"

त्यांची सून बाहेरच्या टेबलाशी पावती लिहीत होती. तिने मान वर करून बघितलं. काकांनी हात पुसले, आणि का कोण जाणे, तळहात उलटा करून बघितला. "बोल्टबिल्ट नीट आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"काका, मी वीस वर्षं हेच करते."

"खरंय. माझंच चुकलं असेल. कमान उतरवून दुसरी जोडी करून देतो."

परत येताना मला बरं वाटत होतं. आपण आवाज न चढवता स्पष्ट बोललो असं वाटत होतं.

रविवार, १७ सप्टेंबर

डॉक्टरांनी मंडळाच्या बैठकीला बोलावलं होतं. दर रविवारी सकाळी क्रीडांगणामागच्या मैदानात ही मंडळी आपापल्या जुन्या गाड्या घेऊन जमतात, बॉनेट उघडून एकमेकांची इंजिनं बघतात. हिरवी गाडी आत शिरली तसा एक जण म्हणाला, "अरे, हा बेडूक कुठून आला?" सगळे हसले. डॉक्टरही हसले, पण कान लाल झाले होते.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एकटीच बाई, आणि त्या व्हिडिओमुळे सगळे मला ओळखत होते.

मी म्हटलं, "पाटे चुकलेत. काकांचं वय झालं. काकांचा हात गेला आता."

असंच म्हटलं, याच शब्दांत. दहाबारा माणसं होती. त्यांनी माना हलवल्या. करड्या गाडीवाल्या वकिलांनी काकांकडे पाटे करायला टाकले होते, त्यांनी तिथल्या तिथे फोन लावून काम थांबवायला सांगितलं. एकाने विचारलं, "ताई, तुमच्याकडे माझी गाडी आणू का?" मी म्हटलं, आणा.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं, फक्त ते एक वाक्य सोडून. का सोडलं ते माहीत नाही. ते खरंच होतं ना?

गुरुवार, २१ सप्टेंबर

काका स्वतः दुसरी जोडी घेऊन आले. सून टेम्पोतून घेऊन आली होती. टेम्पोतून उतरताना त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. पाटे बाकावर ठेवून त्यांनी प्रत्येक पट्टीवरून बोट फिरवलं.

"ही कमान मला फार सपाट वाटते," ते म्हणाले. "पण तू म्हणतेस तर..."

मी व्हॅनच्या ब्रेकमध्ये गुंतले होते. "ठेवा तिथे, उद्या बसवते," म्हटलं. बसा म्हटलं नाही. चहा विचारला नाही. डॉक्टरांनी परत आणून ठेवलेल्या हिरव्या गाडीच्या मागे ते दोन मिनिटं उभे राहिले, जरा वाकले, गुडघ्याला हात लावून परत सरळ झाले आणि गेले.

बाबांना ते आले होते हे संध्याकाळी कळलं. "वर का नाही पाठवलंस?" म्हणाले. मी म्हटलं, घाईत होते. ते की मी, हे बाबांनी विचारलं नाही.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

जसं झालं तसं लिहिते.

चारही घोड्या व्हॅनखाली अडकल्या होत्या. म्हटलं, तोवर हिरवीचे बोल्ट तरी सैल करून ठेवू. गाडी खालून काम करायच्या खड्ड्यावर नेली, म्हणजे चारही चाकं जमिनीवरच. खड्ड्यात उतरले. डावीकडचा पुढचा बोल्ट घट्ट होता, पाय देऊन आवळलेला. पान्याला पाइप लावून जोर दिला. तो कर्रकन सुटला. त्याबरोबर पाट्याच्या डोळ्यातला रबर कण्हल्यासारखा वाजला आणि माझ्या डोक्यावर गाडी खाली आली.

पडली नाही. बसली. मागचा बोल्ट सैल केला, आणखी बसली. मग उजवीकडचे दोन. शेवटचा सुटला तेव्हा मला बघायचीही गरज नव्हती.

हे मला माहीत होतं. गॅरेजात आले त्या वर्षी बाबांनी शिकवलेलं. बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर, भार चाकांवर असताना आवळायचे. गाडी वर टांगलेली असताना आवळले तर रबर त्याच स्थितीत जखडतो. मग गाडी खाली घेतली की तो पिळला जातो आणि तिला वर ढकलत राहतो. प्रत्येक टॅक्सीला मी हे न चुकता करते. त्या दिवशी समोर फोन होता.

वर आले आणि मोजलं. डावीकडे मूळ उंचीपेक्षा दोन मिलिमीटर जास्त, उजवीकडे एक. काकांचे पहिलेच पाटे. काहीच चूक नव्हती त्यांच्यात.

"कुठे आवळलेस," हे बाबांनी पहिल्याच रात्री जेवताना विचारलं होतं. काकांनीही विचारलं. दोघांना मी काय उत्तरं दिली ती मागच्या पानांवर आहेत. आत्ता वाचून आले.

भर दुपारी शटर अर्धं ओढून बाकावर बसून राहिले.

शनिवार, २३ सप्टेंबर

सकाळी बाबा उठायच्या आत बोल्ट आवळले. गाडी जमिनीवर, डिकीत डॉक्टरांच्या सामानाएवढं वजन, सगळं पुस्तकात असतं तसं. दुसरी जोडी गोणपाटात गुंडाळून बाकाखाली सरकवली.

डॉक्टर आले. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, गुडघ्यावर बसून कमानीत बोटं घालून बघितली. त्यांचा चेहरा मुलासारखा झाला होता.

"झालं की. म्हातारबुवांना दुसऱ्या खेपेला जमलं म्हणायचं."

"हं," मी म्हटलं.

एवढंच. एक "हं". खोटंही धड बोलले नाही मी.

गुरुवार, २८ सप्टेंबर

मंडळातल्या तीन गाड्या आल्या. प्रत्येक जण म्हणतो, तुम्ही पाट्यांतली चूक बरोबर पकडलीत. वकीलसाहेब म्हणाले, "सरळ बोलणारी माणसं हल्ली कुठे मिळतात?" मी मान खाली घालून पाना शोधत होते. पाना हातातच होता.

बाकाखालचं गोणपाट दिवसभर पायाला लागतं. दुसरीकडे हलवत नाही, कारण दुसरीकडे बाबांना दिसेल. सांगायचं आहे. उद्या सांगेन. परवा हेच लिहिलं होतं, ते पान फाडलं.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

काकांची सून आली होती. दारातच उभी राहिली.

"तुम्हाला दाबयंत्र हवंय का विचारायला आले. मामंजींनी भट्टी बंद केली. घण मारायला येणारे दुसरीकडे लागले. यंत्र भंगारात जाण्यापेक्षा ओळखीत जावं म्हणतात."

मी विचारलं, "अचानक का?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "अचानक नाही. तुम्ही मैदानात काय बोललात ते चौघांनी येऊन सांगितलं. मामंजी रागावले नाहीत. म्हणाले, पोरगी खोटं बोलणार नाही. एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून भट्टी पेटवली नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं, ती समोर उभी असताना. मी म्हटलं, "उद्या येते बघायला." ती गेली.

जिन्यात बाबा होते. कधीपासून होते ठाऊक नाही. खाली आले, वाकून बाकाखालचं गोणपाट बाहेर ओढलं आणि उलगडलं. न वापरलेले पाटे, वर ग्रीसचा थेंब नाही.

"हवेत आवळलेस," ते म्हणाले. प्रश्न नव्हता.

"हो."

"आता तू जाणार की मी जाऊ?"

"मी जाते."

"मग उद्यावर टाकू नकोस," म्हणाले आणि वर गेले. माझ्याकडे बघितलं नाही. चाळीशी उलटली माझी, पण आठवीत नापास झाले होते त्या दिवसासारखी उभी होते.

बुधवार, ४ ऑक्टोबर

तरी काल गेले नाही. आज गेले.

काका भट्टीशेजारी खुर्चीवर बसले होते. भट्टी थंड, आजूबाजूला झाडून काढलेलं. ती जागा इतकी स्वच्छ मी कधी बघितली नव्हती. दुसरी जोडी मी बरोबर नेली होती, ती त्यांच्या पायाशी ठेवली.

"काका, ही बसवलीच नाही. गाडीला तुमची पहिलीच जोडी आहे. उंची अगदी बरोबर आली. बुशचे बोल्ट मी गाडी वर असताना आवळले होते. चूक माझी होती."

त्यांना एकदम कळलं नसावं. "म्हणजे पहिले पाटे बरोबर होते?"

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"डावा पण? डाव्याचा मला संशय होता."

"डावा पण. डावा-उजव्यात एका मिलिमीटरचा फरक आहे."

त्यांनी मान हलवली. आत सून भांडी लावत होती, तो आवाज थांबला. काकांनी त्या सपाट जोडीतला एक पाटा मांडीवर घेतला.

"हा करताना माझा डोळा सांगत होता की चुकतंय," ते म्हणाले. "सारखा सांगत होता. मी म्हटलं, म्हाताऱ्या, तुझ्या डोळ्यावर काय जायचं, पोरगी मोजून आली आहे. पन्नास वर्षांत डोळ्याविरुद्ध केलेलं हे पहिलं काम." मग जरा थांबून, "कळलं कधी तुला?"

इथे मी एक क्षण थांबले. काल कळलं म्हटलं असतं तर खपलं असतं.

"बारा दिवस झाले."

त्यांनी पाटा मांडीवरून खाली ठेवला. मी रडले नाही, रडण्याचा मला हक्क नव्हता. शेवटी ते म्हणाले, "मैदानात बोललीस ना? तिथेच सांग. मला सांगून काय उपयोग, मला तर दाबयंत्राने आधीच सांगितलं होतं."

निघताना सून दारापर्यंत आली. "बारा दिवस," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

रविवार, ८ ऑक्टोबर

सांगितलं.

सगळे येईपर्यंत थांबले. मग डॉक्टरांना म्हटलं, तुमच्या फोनमधला तो व्हिडिओ काढा. त्यांना वाटलं, कौतुकासाठी. सगळे डोकावले. मी केस बांधते, पाना लावते, पाय देते. "आता चाकं बघा," मी म्हटलं. चाकं हवेत लोंबत होती. तिघाचौघांना तिथेच कळलं, बाकीच्यांना समजावून सांगावं लागलं. मग मी म्हटलं, "काकांचा हात गेला असं मी म्हटलं होतं. ते खोटं आहे. काम माझं चुकलं, आणि कळल्यावरही मी गप्प बसले."

कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं. वकील म्हणाले, "मग आमच्या गाड्यांचे बोल्ट तुम्ही कुठे आवळलेत?" मी म्हटलं, जमिनीवर. त्यांनी विश्वास ठेवला नाही, आणि ठेवावा तरी का? दोन गाड्या उद्या परत जाणार आहेत.

डॉक्टर शेवटी आले. "त्या दिवशी मी 'म्हातारबुवांना जमलं' म्हटलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

त्यांनी फोन बघितला. व्हिडिओ पुसून टाकला असावा, किंवा नसेल. गाडी सुरू करून निघून गेले. गाडी मैदानाच्या फाटकावरच्या उंचवट्यावरून सहज पार गेली, सायलेन्सर घासला नाही. एवढं तरी बघितलं.

घरी बाबांनी ताट वाढलं. ते माझ्यासाठी जेवायचे थांबले होते.

शनिवार, १४ ऑक्टोबर

सुनेचा फोन आला. आवाज कोरडाच होता. वकिलांनी आणि आणखी एकाने काकांना पाटे सांगितले आहेत, दाबयंत्र विकायचं नाही. "पण घण मारायला माणूस नाही. मामंजी म्हणतात, तुम्हाला रविवारी वेळ असतो का?"

असतो म्हटलं.

रविवार, १५ ऑक्टोबर

सकाळी आठला पोचले. भट्टी पेटलेली होती. काकांनी जुना चामडी एप्रन माझ्याकडे टाकला आणि घण कुठे मारायचा ते बोटाने दाखवलं, चौथीतल्या मुलीला दाखवावं तसं. कामाशिवाय बोलणं नाही. अकरापर्यंत माझ्या हातांना फोड आले होते आणि मला ते बरे वाटत होते, हेही लिहिते, कारण त्यात काही मोठेपणा नाही.

शेवटची पट्टी वाकवून झाली. काकांनी ती चिमट्यात धरून उजेडाकडे केली, डावा डोळा मिटला. मी वाट बघत होते, आता म्हणतील, केसभर अजून, किंवा म्हणतील, झाली. लहानपणापासून मी हेच बघत आले आहे; या माणसाने कधी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही.

त्यांनी तो डोळा उघडला. पट्टी माझ्याकडे वळवली.

"बघ गं," ते म्हणाले. "बरोबर वाटते का?"

मला नका विचारू, असं म्हणायचं होतं. पण ते खरंच विचारत होते, चिमटा धरलेला हात तसाच पुढे करून. त्यांचा हात ठीक होता. तो जराही हलत नव्हता.

मी कमानीचा साचा लावून बघितला. कमान बरोबर होती.

"बरोबर आहे, काका."

"परत बघ," ते म्हणाले.

मी परत बघितलं.